एक सीट मागे

सोमवारी मी सुमेधच्या शेजारी बसले.
मंगळवारी एक सीट मागे.
बुधवारी पार शेवटच्या बाकावर,
ओढणीआड, कुणा परक्या बाईसारखी.

त्यानं सुट्टे मोजून दिले.
तिकीट दोनदा वाचलं, मग खिशात.
शालीमार गेलं. द्वारकेला बस रेंगाळली
तेव्हा पुढच्या थांब्यांची नावं
मीच पुटपुटत होते.

आज निमाणीलाच थांबले.
बस वळली. मागची काच
धुळीनं आंधळी.
घरी जायचं ठरलेलं, पण पाय निघेना.
चार बस सोडल्या. कंडक्टर विचारू लागले,
ताई, कुठं जायचंय?

मग फोन.
"आई, दत्तमंदिरला उतरायचं राहिलं.
बिटकोवरून चालत मागं आलो.
पेरू घेतला.
आणि ऐक, तुझा शेवटचा बाक
आज रिकामा होता.
मी तिथंच बसलो."