खुलासा

प्रिय टोर्लेफ,
तुमचं पत्र कालच्या टपालानं वर आलं.
विचारलंय,
अकरा ऑगस्ट, मंगळवार, बाटली क्रमांक चारशे सात,
तिच्यात कार्बन मोनॉक्साइड एवढा कसा?
खुलासा करावा.

करते.

आधी पद्धत सांगते, म्हणजे तिच्याविषयी शंका नको.
दर मंगळवारी दुपारी दोनला मी कड्यावर जाते.
सकाळपासून आमचा शिपाई मार्लिस
लवंगेची सिगरेट शिवत नाही.
मंगळवारचा उपवास म्हणतो, आणि माझ्यावर डाफरतो.
मोटारसायकल खाली, पाचशे पावलांवर.
मी वाऱ्याकडे तोंड करते,
छाती भरून घेते, कोंडते,
मगच झडप उघडते.
माझा उच्छ्वास आत गेला
तर जगाच्या हिशेबात माझी फुप्फुसं धरली जातील.
सत्तावीस मोजते. झडप बंद.
मग सोडते श्वास, मागे, दरीत,
जिथं त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

एकोणीस वर्षं हेच.
तुमच्याकडे बाटल्या येतात वाळवंटातून, बर्फातून,
मालवाहू जहाजांच्या नाळेवरून.
तिथंही कुणी असंच उभं असेल, गाल फुगवून, गप्प.
पंगत एकच आमची,
पण एवढी लांब
की शेजारचं पान दिसत नाही.

रिआउकडची दलदल जळत होती त्या वर्षी
दोन महिने सूर्य पपईच्या फोडीसारखा उगवायचा.
शाळा बंद, माझ्या आईला धाप.
ते आकडे केवढे होते, आठवतात?
तेव्हा तुमचं पत्र आलं नाही.
तो धूर उपग्रहाला दिसला होता.
मोठ्या धुराला खुलासा लागत नाही.

तर, अकरा ऑगस्ट.
बारा तारखेला माझ्या धाकटीचं, रेस्मिताचं, लग्न.
आमच्याकडे घर बायकांचं असतं,
जावई नांदायला येतो,
आणि चूल कुठं मांडायची हे मामा ठरवतो.
मामानं ती टेकडीच्या पायथ्याशी मांडली.
एक नाही, सात.
दोन म्हशींचं रेंदांग.
नारळाचं दूध आटून तेल सुटेस्तोवर
ढवळणाऱ्यांचे हात बदलतात, जाळ बदलत नाही.
जळण म्हणजे करवंट्या, आणि साल काढून उरलेली
दालचिनीची लाकडं.
सगळ्या बायका खाली होत्या.
नवरीची आई वर,
कारण मंगळवार चुकवायचा नसतो.

वारा दोनला फिरला.
मला कळलं नाही, टोर्लेफ.
श्वास कोंडलेल्या माणसाला वास येत नाही.
सत्तावीस मोजून झडप बंद केली, नाक उघडलं,
आणि दालचिनी, गलंगल, जळकी करवंटी,
माझ्या मावशांच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा
एकदम छातीत आलं.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद आहे.
मी लिहिलं, ‘निरंक.’
ही चूक माझी.

तुम्ही आता त्या आकड्यावर फुली माराल.
मारा.
नव्या मुलांना मीच शिकवते की
आपल्याला हवी ती हवा,
जिच्यात कुणी राहत नाही.
आलेखात त्या मंगळवारी एक भोक राहील,
रेघ त्यावरून उडी मारून पुढं जाईल.
रेस्मिताला मी ते दाखवणार आहे.

एवढंच की बाटली भट्टीत तापवून
तुम्ही स्वच्छ करता, ठाऊक आहे मला.
त्याआधी यंत्राला पुरून
घोटभर काही उरलंच असेल,
तर झडप नाकाशी धरून उघडा.
लग्नाला तुम्हीही होता असं मी समजेन.

सोबत चारशे आठ पाठवते आहे.
त्या दिवशी गावात कुणाचंच काही नव्हतं.

आपली,
अस्निदार,
बुकित सालासी, सुमात्रा