त्सियालाची वही

'नदी रडते,' असं मी लिहिलं होतं.
त्सियालानं चष्मा पुसून त्यावर काट मारली.
'रडत नाही ती. चौदा मार्चला
दोन विती खाली होती. तेवढंच लिही.'

स्वानेतीतल्या या गावात
एकतीस वर्षं, रोज पहाटे,
पुलाच्या खांबावरची खूण
ती चौकटीच्या वहीत उतरवते.
कंपनीच्या अहवालात सातच वर्षं,
तीही भरल्या पाण्याची.

पुतण्या मुर्मान बोगद्यावर कामाला आहे.
ती त्याला वाढते, वाद घालते, पुन्हा वाढते.
'गावात दुसरं काम नाही म्हणतो,
खरंच आहे ते. लिहिलंस?'

लिहिलं.

मग तिनं एक जुना फेब्रुवारी उघडला.
'हे अकरा दिवस खोटे.
गुडघा सुजला होता,
खिडकीतून अंदाजानं आकडे टाकले.'
मी म्हटलं, हे राहू दे,
त्यांचा वकील नेमकं इथंच बोट ठेवेल.
'ठेवू दे की.
उरलेले अकरा हजार दिवस
मग त्याला वाचावे लागतील.'

बाहेर फटफटलं होतं.
काठी टेकत ती उतारावर दिसेनाशी झाली.
सहा वाजून दहा मिनिटं.
कोणी न सांगता मी वेळ टिपली.