खोडलेलं नाव

पाकिटं मी चिकटवायचे.
इन्व्हरकार्गिलच्या छापखान्यात, मागच्या खोलीत,
तीनशे पाकिटं, पिठाची खळ,
आणि दक्षिणेकडून असा वारा
की खिडकी उघडली तर पहिलं गाणं थेट मेंढ्यांच्या कुरणात.

‘बॉरोड गमबूट्स’. चौघं होते तेव्हा.
ड्रमवर माझा भाऊ लॅक्लन,
बेसवर टामाती,
गिटार आणि गळा ड्युगल्डचा,
विकिटोरिया कीबोर्डवर. रविवारी तेच हात चर्चमध्ये.
सात इंची तबकडी, दोन्ही बाजूंना मिळून सहा मिनिटं.
त्यासाठी ड्युगल्डनं गाडी विकली.

खळ वाळायच्या आत टामाती गेला.
ऑयस्टरचा हंगाम लागला होता,
ब्लफच्या बोटीवर काकाला हात कमी पडत होते.
ड्युगल्ड म्हणाला, खोड.
मी म्हटलं, वाजवलंय तर त्यानंच.
तो म्हणाला, खोड ना.

दोनशे त्र्याण्णव वेळा खोडलं.
तिसऱ्या ओळीवर काळं पेन, पट्टी न धरता.
सात पाकिटं स्वयंपाकघरात वाळत होती,
ती सुटली.

मार्लीन आली. उंच, अबोल, बोटांना चिकटपट्ट्या.
डनीडनच्या एका मासिकानं लिहिलं,
‘नव्या मुलीचा बेस समुद्रासारखा’.
तिनं ते कात्रण पाकिटात घालून
ब्लफला पाठवून दिलं.
सोबत चिठ्ठी नव्हती.

मग कॅसेट. मग लॅक्लन पर्थला, खाणीत.
भांडण नाही, काही नाही.
भांडणाचं निदान गाणं तरी होतं,
नोकरीच्या पत्राचं काय होणार?
त्याच्या जागी एक यंत्र आणलं, बुटाच्या खोक्याएवढं.
ते कधी उशिरा आलं नाही,
आणि कोणाला आवडलंही नाही.

एलपी निघाली ती अॅल्युमिनियमच्या भट्टीवरच्या
रात्रपाळ्यांच्या पैशांतून.
पाचशे काढल्या. एकशे नव्वद आजही
विकिटोरियाच्या पलंगाखाली आहेत.
ती सांगते, पाठीला बरं असतं.

आणि मग ड्युगल्डच गेला.
ज्याचा गळा, ज्याची गाडी.
सगळ्यांना वाटलं, संपलं.
पण बँकेचं खातं विकिटोरियाच्या नावावर,
गुरुवारची खोली आगाऊ घेतलेली,
भाडं फुकट का घालवा, म्हणून त्या दोघी जमल्या.
पुढे कोणी दूधवाल्याचा मुलगा, कोणी नर्स,
कोणी एकच हिवाळा टिकला.
मी अकरा नावं मोजते. विकिटोरिया चौदा म्हणते.

आता लाइपझिगहून पत्र आलंय.
पहिली तबकडी त्यांना पुन्हा काढायचीय.
कळवा, कोणी कधी काय वाजवलं, अचूक.
अचूक!
मी गाडी काढली, ब्लफला गेले.

टामातीनं चहा टाकला. केस पांढरे,
अंगठ्याला शिंपल्याची जुनी चीर.
फळीवरून त्यानं तबकडी काढली.
पाठवलेली नव्हे, दुकानातून घेतलेली,
पूर्ण पैसे मोजून.
खोडलेल्यांपैकीच एक.
शाई निघते का बघत होतो, म्हणाला,
एकदा पात्यानं, एकदा थुंकी लावून,
नाव काही वर आलं नाही,
हे झालं.

तिसऱ्या ओळीवर भोक.
त्यातून आतली तबकडी दिसत होती, काळी.
मी दोनशे ब्याण्णवांचा विचार करत
चहा गार केला.
त्यानं विचारलंही नाही की का आलीस.
मार्लीन वाजवते का अजून, एवढंच.

लाइपझिगला कळवलं,
तिसरं नाव छापू नका, तिथे भोक पाडा.
उत्तर आलं, खर्च फार वाढेल.

पंच माझ्याकडे आहे, छापखाना बंद झाला तेव्हाचा.
जरा अडकतो.
मी लिहिलं, पाकिटं इकडे पाठवा,
न चिकटवता.