डॉक्टरबाई ससा बघतात

वाल्दिव्हियाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या,
मान न हलवता नुसते डोळे उजवीकडे नेले.
फळीवर लोकरीचा ससा.
एलिसेओनं त्यांच्या कानातला डूल बघितला.
पुन्हा डोळे. पुन्हा ससा.
एलिसेओनं डूल हलायचा थांबेपर्यंत बघितला.
कागदावरच्या रकान्यात शून्य पडलं.

मी ससा बघत होतो.
हिमेना ससा बघत होती.
दारातून डोकावलेला झाडूवालासुद्धा.
चार मोठी माणसं एका सशाला डोळे लावून,
आणि ससा ज्याच्यासाठी मांडला
तो मोकळा.

कागद फायलीत गेला, फाइल कपाटात.
मी त्याच्या जाकिटाची चेन ओढत होतो
तेव्हा त्याची मान वळली.
फळीकडे.
"बाई," मी म्हणालो.
त्या पुढचं नाव पुकारत होत्या.

नदीकाठी माझा मासळीचा ठेला.
इथे सगळा धंदा नजरेवर.
गिऱ्हाईक भाव विचारतं सिएर्राचा, डोळा असतो काँग्रिओवर;
मी काँग्रिओ उचलतो.
मागच्या पायऱ्यांवर समुद्रसिंह लोळत असतात,
माझी नजर कुठल्या टोपलीकडे वळली
ते त्यांना माझ्याआधी कळतं.
तीनशे किलोच्या जनावराला जे जमतं
ते माझ्या सोळा किलोच्या पोराला –
असं एकदा बोलून गेलो हिमेनाजवळ.
रात्रभर तोंड कडू.

मग आम्ही वाट बघायला लागलो.
वाट बघणं, तेही बघणंच.
मी खिडकीकडे बघतो आणि मनात मोजतो.
तीनला लोक नाद सोडतात.
तो कधी सातला येतो, कधी अकराला,
कधी जेवणं उरकल्यावर, मी विसरून गेलेलो असताना
येऊन खिडकीसमोर उभा राहतो,
उशिरा आलेल्या होडीनं
रिकाम्या धक्क्यावरही दोर टाकावा, तसा.

काल ऊन होतं. जूनमध्ये इथे ते पाहुण्यासारखं.
मी खिडकी बघत बसलो, पापणी न पाडता.
अठराला डोळ्यांत पाणी आलं.
तो गुडघ्यावर चढला,
दोन बोटांनी माझी पापणी वर धरली
आणि आत बघितलं.
(मासा ताजा की शिळा, डोळ्यावरून कळतं.
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही,
ठेल्यावर बसून उचललं असेल.)
माझ्याकडे नाही बघितलं.
बुबुळात इवलीशी खिडकी होती,
चार काचा, एक वाकडी कडी.
"खिडकी," तो म्हणाला.

बोटांना खवल्यांचा वास होता.
पापणी चुरचुरत होती, मी हललो नाही.
आकडा कुठल्या कुठे गेला.
नंतर तो उतरला
आणि आपला एक हरवलेला मोजा शोधायला
पलंगाखाली शिरला.