तीन खोट्या गोष्टी

खरी गोष्ट सांगण्याआधी
मी तीन खोट्या गोष्टी तयार केल्या.
वीजबिलाच्या खिडकीत बसणारी बाई मी,
नोट आधी उजेडात धरायची सवय आहे हाताला.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात
प्रमोदिनीबाईंना मी अर्धंच सांगितलं होतं,
रडू आलं म्हणून अर्धंच,
आणि बुधवारी गड्डीगोदामात, उजागऱ्यांच्या घरच्या प्रार्थनासभेत
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून
त्यांनी ते देवाला सांगितलं.
माझ्या नावानिशी.
बावीस जणांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं, आमेन म्हटलं,
आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.
प्रेमानंच. तेच तर.
‘तुझ्यासाठीच केलं नं बाई,’ त्या म्हणाल्या.
देवाला आधीच ठाऊक होतं.
बावीस जणांना नव्हतं.

पहिली खोटी गोष्ट पाळकसाहेबांना दिली:
नव्या ऑर्गनचा आवाज मला सोसत नाही.
माणूस सज्जन. माझ्यासोबत डोकं टेकवून बसले, चहा पाजला.
रविवारी ऑर्गनवाला थिओफिल
माझ्याकडे न बघता पुढे गेला.
त्यांनी फक्त बायकोला सांगितलं असेल.
तिनं फक्त बहिणीला.

दुसरी, कामठी रोडवरच्या तेलवाल्या बंधूंना:
मला पाण्याची भीती वाटते.
त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, हे कबूल.
पण जी भीती मला कधी नव्हतीच
तिचं मूळ त्यांना पाच मिनिटांत
माझ्या आजीच्या एका पापात सापडलं.
डबीचे तीनशे. पुढच्या शनिवारी उपाशीपोटी या.
आजी बिचारी अंबाझरीत पोहायची.

तिसरीकडे जायला महिना लागला.
धंतोली, दुसरा मजला, शेजारी सोनोग्राफी.
विशाखा खोब्रागडे. फळीवर पांढरा, मुठीएवढा बुद्ध.
मला धाकधूक, ही माझ्या देवाला हसेल,
नाहीतर त्याच्याशी फार अदबीनं वागेल,
जसं पाहुण्यांच्या आजारी म्हाताऱ्याशी वागतात.
म्हटलं, स्वप्नात माझे दात पडतात.
‘बरं,’ ती म्हणाली, आणि थांबली.
इतकी थांबली की मीच विचारलं,
मी विश्वासणारी आहे, चालेल ना?
‘तुमच्या देवाबद्दल मला फार माहीत नाही,’ ती म्हणाली,
‘चुकले तर सांगा.
आणि क्षमेचं काही असेल, तर ते माझ्या हातात नाही.
झोपेचं बघता येईल.’
माहीत नाही, हे शब्द
मी किती वर्षांनी ऐकत होते.

तरी लगेच भुलले नाही.
तिच्या दारात नंबर लावणारी मुलगी
उजागऱ्यांचीच भाची निघाली!
सहा आठवडे थांबले.
सभेत, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत
कान लावून बसले.
दात परत आले नाहीत.

सातव्या आठवड्यात गेले
आणि सांगितलं. सगळं.
खाली उतरले तर चप्पल तिथेच विसरलेली,
पुन्हा दोन मजले.

प्रार्थनासभेला जाते अजून. आमेन म्हणते.
प्रमोदिनीबाईंच्या गुडघ्यांसाठी मनातल्या मनात मागते,
नाव न घेता.

ती खरी गोष्ट इथे लिहिलेली नाही.
रागावू नका,
तुम्हाला मी अजून
काही खोटं सांगून पाहिलेलं नाही.