निशाणी

वाटणीपत्र लिहून दिले ऐसेजे —
इथवर हात आपोआप जातो.
बोरू अडतो तो पुढे, जिनसांपाशी.

पूर्वी हे तोंडी व्हायचं. चार माणसं, पानसुपारी,
बेलभंडार उचलला की मिटलं.
आता अंमल बदलून नऊ वर्षं झाली,
धुळ्याच्या कचेरीला कागद लागतो.
कागद आमच्याच एरंडोलचा, खळ अंमळ जास्त;
शाई धरतो, पण पसरू देत नाही.

मयत वेडू बिन सखा, रंगारी.
वारस तिघे.
थोरला सुपडू, जन्मला तसा सुपात घालून दाराबाहेर ठेवलेला.
मधला उखर्डू, उकिरड्यावर टाकून परत उचललेला.
धाकटा नथ्थू, नाक टोचून चार वर्षं मुलगी म्हणून वाढवलेला.
यमाला तीनदा फसवलं वेडूने.
वाटणीला फसवायची युक्ती
त्याला कुणी सांगितली नव्हती.

तपशील.
तांब्याची कढई एक, तोलून किंमत धरली.
नांदी तीन, पैकी एक चिरलेली.
चिरलेली कुणी घ्यायची यात दुपार गेली.
आलीच्या मुळ्या, पोती अकरा. तिघांत अकरा बसेनात;
नथ्थूने एक पोतं सोडलं,
बदली अंजनीकडची खिडकी मागून घेतली.
कडुनिंब एक, अंगणात. खोड सामाईक.
सावली लिहायची का, असं पाटलाने विचारलं
आणि कुणी हसलं नाही.

मग ठसे. शिसवाचे, तेल पिऊन काळेभोर.
एका फुलाला तीन ठसे लागतात :
एक रेघेचा, एक भरावाचा, एक जमिनीचा.
सुपडू म्हणाला, जोड मोडू नका.
उखर्डू म्हणाला, मग जोड कुणाची?
पंचांनी मोजले, बेचाळीस.
चौदा, चौदा, चौदा.
हिशोब इतका बरोबर आला
की मला पुन्हा मोजावंसं वाटलं.
थोरल्याला रेघा, मधल्याला भराव, धाकट्याला जमीन.

कलम सातवे, मातोश्री साळूबाई.
चार-चार महिने एकेकाकडे,
सालाची दोन लुगडी, आजारात औषधपाणी.
निळीची नांद उतरली की नाही
हे ती जिभेवर थेंब ठेवून सांगते.
तीस वर्षं अर्ध्या पेठेचा कपडा तिच्या जिभेवरून गेला.
हे मी कुठल्याच कलमात बसवू शकलो नाही;
जीभ तोलता येत नाही, आणि तोलली तर भागता येत नाही.

ती एकदाच बोलली, दाराआडून :
"भाऊ, लाल रंग कोना वाटाले उना?"

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे.
मुळ्या होत्या, तुरटी होती, हिरडा होता, कढई होती.
लाल नव्हता.

निशाणीची वेळ आली.
कुणबी नांगर काढतो, सुतार किंकरं.
यांनी आपापल्या वाट्याचा एकेक ठसा मागवला.
सुपडूने उमटवली रेघ, आतून रिकामी.
दोन बोटं सोडून उखर्डूचा भराव,
काठच नाही, म्हणून पाकळी की डाग ते कळेना.
त्याखाली नथ्थूची जमीन,
मधोमध फुलाएवढं भोक.

साळूबाईची निशाणी घ्यायची रीत नाही.
कागद वाळायला उपड्या कढईवर ठेवला
आणि अंजनीकडून वारा उठला.
तिने येऊन बोटाने दाबून धरला,
वरच्या कोपऱ्यात, श्रीकाराच्या शेजारी.
बोट नुकतंच कशातून तरी आलेलं होतं.

धुळ्याला गेली ती नक्कल, स्वच्छ अक्षरात.
अस्सल माझ्या रुमालात आहे.
फडताळ उघडलं की आलीचा वास येतो,
बायको म्हणते, काय ठेवलंय यात.

मजुरी एक रुपया ठरली होती.
तिघांनी पाच-पाच आणे दिले.
एक आणा अजून येणे आहे.