तिसरं कडवं

मी स्टेजच्या डाव्या अंगाला, काळ्या पडद्याआड बसतो.
लोकांना काय ऐकू जातं ते माझ्याकडे नाही.
वाजवणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू यावं,
एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं.

मेनच्या उत्तर टोकाला, जत्रेचं मैदान,
सप्टेंबरचा दुसरा शनिवार. बटाटे अजून जमिनीत,
आणि गारठा असा की सिग्ने काड्या उचलायच्या आधी
बोटं काखेत धरून उभी.

गाणं नेहमीचंच, नावाड्याचं.
तीन कडवी, चार मिनिटं.
कुणाच्या लग्नात वाजलेलं, कुणाच्या मातीला.
पहिला सूर लागला की पुढच्या रांगेतला लाकूडगिरणीवाला
पोरीला खांद्यावर घेतो, दर वर्षी.
यंदा ती चौदाची. नको म्हणाली.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.
लुसिएन तिसऱ्यासाठी माइकपाशी आला,
तोंड उघडलं
आणि मिटलं.

माझ्या कानात त्याचा श्वास होता.
नुसता श्वास.
जुलैत बँगरच्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या
ते आम्हा पाच जणांना माहीत, आणि त्याच्या बहिणीला.

मार्डेनने बासवर एकच सूर धरला,
मिटू पाहणाऱ्या दारात पाय घालावा तसा.
सिग्नेने एक आवर्तन जाऊ दिलं,
मग आणखी एक,
मग मोजायचंच सोडलं.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लोकांना कळलं असतं.

आणि गाणं काठावरून सुटलं.

नवव्या मिनिटाला ते ओळखीचं राहिलं नव्हतं.
चौदाव्याला जवळजवळ काहीच उरलं नाही,
फक्त बटाटे तळणाऱ्या गाडीचा जनरेटर
मैदानापलीकडे घरघरत होता.
कॉर्लिसने ऑर्गनवर त्याचाच सूर शोधला,
त्यात शिरला,
आणि जनरेटर आमच्यात वाजू लागला.
हसू आलं मला. तशातही.

लुसिएनची बोटं मात्र चालूच.
बोटांना कुणी काही सांगितलं नव्हतं.
ती त्या जुन्या चालीला उलटी करून, झटकून,
कोटाचे खिसे तपासावेत तशी
पुन्हा पुन्हा आत जात होती.

दर पाच-सहा मिनिटांनी ते त्याला
समेच्या तोंडाशी आणून सोडायचे.
इथे, हं, इथून तिसरं.
तो मान हलवायचा, इतकीशी,
की ते पुन्हा वळसा घ्यायचे.
खाली हजार माणसं किंचाळायची,
काय खेळवतायत! काय झुलवतायत!

एकतिसाव्या मिनिटाला सिग्नेच्या मनगटातली कळ
मला तिच्या काडीत ऐकू आली.
ती थांबली नाही.

चौतिसाव्या मिनिटाला लुसिएन माइकपाशी आला
आणि पहिलं कडवं म्हणाला.
पहिलंच. पुन्हा. सावकाश,
जसं कुणी ते कधी ऐकलंच नव्हतं,
आणि त्याने तर नव्हतंच.
मैदान फुटलं. चौदा वर्षांची ती पोर
बापाच्या बाहीला धरून ढसाढसा रडली,
का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नंतर ट्रकपाशी, रेकॉर्डर गळ्यात अडकवलेला एक पोरगा,
थेट प्रेस्क आयलहून आलेला, विचारतो,
तिसरं गाळून पहिल्यावर यायचं,
हे कधी ठरवलंत?
तिथल्या तिथे, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.

लुसिएन आपली केबल आपणच गुंडाळतो. अजूनही.
एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पीळ पडत नाही.
मला त्यानेच शिकवलं, एकोणिसाव्या वर्षी.
किती झालं रे आज?
चौतीस.
लांबलं, म्हणाला. मग हात थांबला.
तिसरं म्हटलं ना मी?

गवतावर दव उतरलं होतं,
केबल ओली, बर्फासारखी गार.
हातमोजे घाल, मी म्हटलं,
आणि दुसरं टोक उचललं.